बोरगावच्या बालवाडीत मेणाचा डबा

दुभाषी मिळत नाही, असा शोभाचा फोन आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. निवृत्तीनंतर सभा-समारंभ मी बंद केले आहेत. पण शोभा माझी विद्यार्थिनी. निपाणीजवळ बोरगावात ती बालवाडी चालवते. तिथे माती, चिंचोके, गाणी, गोष्टी; टीव्ही नाही, मोबाइल नाही. अशाच पद्धतीने शिकवणाऱ्या परदेशी शिक्षिका देवाणघेवाणीसाठी बेळगावात आल्या होत्या. त्यांतली एक, डेन्मार्कची इंगा, शोभाचा वर्ग पाहणार होती. त्याच दुपारी पालकांची बैठक होती. वर्गात मोठा टीव्ही लावा, नाहीतर जूनपासून मुलं निपाणीच्या इंग्रजी शाळेत, असं काहींनी बजावलं होतं. पाच-सात मुलं गेली तर वर्गच बंद. मी पिशवी भरली.

सांगलीहून बोरगाव खरं तर जवळ. पण पाहुणी बेळगावात, म्हणून रेल्वेने आधी तिकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणीची लाल बस धरली. कर्नाटकातल्या बायकांना आधारकार्डावर प्रवास फुकट आहे. माझं कार्ड सांगलीचं, त्यामुळे मला आणि इंगाला तिकीट पडलं. महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे. जाणाऱ्यांनी तासभर जादा धरावा. संकेश्वर मागे पडलं, तवंदीचा घाट उतरलो. इंगाच्या मांडीवर पत्र्याचा एक डबा होता. मुलांसाठी भेट, म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

निपाणी स्टँडवर उतरताच तंबाखूचा उग्र वास येतो. तिथून बोरगावला वडाप, म्हणजे माणसं कोंबलेली जीप. “सरका की आक्का, अजून दोघं बसत्यात,” चालक इंगालाच म्हणाला. ती हसून सरकली. मला हसू येत नव्हतं. उशीर झाला होता.

वर्ग आदगोंडा आप्पांच्या घराच्या पुढच्या खोलीत भरतो. आप्पा जैन शेतकरी, गावात शब्दाला वजन असलेले. खोली त्यांनीच दिली आहे आणि त्यांची नात पद्माही याच वर्गात. आम्ही पोचलो तेव्हा पालक भिंतीला टेकून बसले होते. गाणी झाली. मग इंगाने डबा उघडला, रंगीत मेणाचे गोळे मुलांच्या हातांवर ठेवले आणि तळव्यात दाबून ऊब द्यायला सांगितलं. गोळे मऊ पडू लागले. पद्माने हात नाकाशी नेला.

“आप्पा, मधाचा वास येतोय.”

आप्पांनी मला विचारलं, “कशाचं हाय ते, बाई?”

मी इंगाला विचारलं. ती अभिमानाने म्हणाली, शुद्ध मेण, मधमाश्यांच्या पोळ्याचं. नुसतं ‘मेण आहे’ म्हणून भागलं असतं. पण पोरांचे हात त्यात होते. मी पुरतं सांगितलं.

“धूर लावून पोळं काढत्यात न्हवं?” आप्पा म्हणाले आणि पद्माला हात धुवायला पाठवलं. तिच्यामागे बाकीची मुलंही उठली. महावीर नावाचा एक तरुण बाप टीव्हीच्या बाजूचा. त्याने संधी साधली.

“टीव्हीत एकबी माशी मरत न्हाय, आप्पा.”

दोघे-तिघे हसले. शोभा माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, “बाई, त्या परक्या. तुम्ही तर हितल्याच की.”

जैन घरात मध चालत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक. डबा तासन्‌तास शेजारी असून विचारायचं सुचलं नाही. इंगाला मी सगळं तिथेच समजावलं. तिने एकेक गोळा उचलून घेतला, डबा अंगणात नेऊन ठेवला आणि हात जोडून आप्पांची माफी मागितली. आप्पांनी नुसती मान हलवली.

जेवायला मात्र बसवलंच. भाकरी, झुणका, ताक. तो झुणका फार चवीचा होता असं इंगा नंतर म्हणाली. मला चव आठवत नाही.

बैठकीत महावीरने टीव्हीची किंमत, हप्ते, निपाणीच्या शाळेतला डिजिटल पडदा, सगळं मांडलं. पद्माची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. शेवटी आप्पा बोलले.

“पोरीनं वास घेतला, इचारलं. तवा आमाला कळलं. टीव्हीचा वास येतो व्हय रं? त्यातनं काय आत येतंय, कोण सांगणार?” मग शोभाकडे वळून म्हणाले, “खोली हाय तुजी. टीव्ही न्हाय. पर हितनं फुडं भायरची वस्तू आत येताना मला इचारून.”

महावीर पुटपुटला, पण उठला नाही. परतीच्या वडापमध्ये इंगाने विचारलं, आपण जिंकलो का? मी हो म्हटलं.

जूनमध्ये शोभाचा फोन आला. महावीरचा मुलगा येतो आहे. वर्ग भरतो आहे. पद्मा आलेली नाही. तिच्या आईने तिला निपाणीच्या शाळेत घातलं. आप्पांनी दोन दिवस अन्न घेतलं नाही, सून बधली नाही. सकाळी शाळेची पिवळी बस दारात येते, तेव्हा आप्पा घरामागच्या परड्यात निघून जातात.

जाणाऱ्यांना एवढंच सांगते: पाहुण्याच्या डब्यात काय आहे ते आधी विचारा, आणि दाराशी गप्प उभ्या असलेल्या बाईलाही विचारा. बैठकीत पद्माच्या आईला कोणीच काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

शोभा म्हणाली, “आप्पांच्या तोंडाकडं बघवत न्हाय, बाई. वर्ग दुसरीकडं हलवू का?”

मी म्हटलं, “त्यांनी खोली परत मागितली का? नाही ना? मग भरव तिथेच.”

ती म्हणाली, खोली रोज सकाळी आप्पाच झाडून ठेवतात.