दाऊदभाईंचं पहिलं ‘हो’

मेलेला माणूस मत देत नाही, या एका तत्त्वावर जगातल्या सगळ्या लोकशाह्या उभ्या आहेत. आमच्या बहरीनच्या मराठी मंडळाची लोकशाहीही त्यावरच उभी होती, गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारपर्यंत.

दाऊदभाई परकार गेल्याची बातमी त्यांच्या मुलाने फोनवर दिली. त्याच्या आदल्याच दिवशी मी त्यांना सलमानियाच्या इस्पितळात भेटलो होतो. नात झोया कॉटशेजारी बसली होती. “आज शाळेत काय शिकवलं गं?” त्यांनी विचारलं. “नथिंग मच, दादा,” ती म्हणाली. ते माझ्याकडे वळले. “बघितलंस जोशी? कळतं सगळं. पण उत्तर तिकडनं येतं.” मग म्हणाले, “मतदान कधी आहे?” मी म्हटलं, पुढच्या महिन्यात, तोवर तुम्ही घरी याल. “मी घरी येवो न येवो, माझं मत येणार. खलास.” आम्ही दोघंही हसलो. घरी पोचल्यावर मी त्यांना संदेश पाठवला, ‘विश्रांती घ्या, भांडायला माणूस हवा.’ तो त्यांनी वाचला नाही. त्याच्याखालच्या दोन राखाडी खुणा तशाच राहिल्या…

खेडचा हा माणूस. मीना सलमान बंदराजवळ गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. मंडळात त्यांची ख्याती एकच, प्रत्येक ठरावाला ‘नाही’. मंडळाचं नवं बोधचिन्ह, प्रमुख पाहुण्यांच्या शाली, अध्यक्षांच्या खुर्चीला मखमल… सगळ्याला नाही. “खुर्चीला मखमल लावून बसणारा हुशार होतो काय?” असं त्यांनी भर सभेत विचारलं तेव्हा अध्यक्ष उभेच होते, ते बराच वेळ उभेच राहिले.

असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा ठराव घेऊन आला, तो वर्गणीचा. तोवर सगळ्या कुटुंबांना एकच वर्गणी होती. “गॅरेजातला फिटर आणि सीफच्या बँकेतला साहेब, दोघांना सारखीच? हा कुठला न्याय?” ज्याचा पगार मोठा त्याने जास्त द्यावं, आणि त्या जास्तीच्या पैशातून शनिवारचा मराठी वर्ग चालवावा, असा तो ठराव. वर्ग बंद पडायच्या बेतात होता. झोया त्याच वर्गात होती. सीफवाल्यांना न्याय तत्त्वतः मान्य होता.

आमचं मतदान व्हॉट्सॲपच्या गटावर होतं. एका कुटुंबाला एक मत, मुदत मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानपर्यंत, आणि समसमान झाल्यास ठराव पडतो. दाऊदभाईंचा क्रमांक गटात तसाच होता. काढून टाकायला कोणी धजत नव्हतं, कारण कोणी काढलं ते सगळ्यांना दिसतं. सचिव म्हणाला अध्यक्षांनी काढावं, अध्यक्ष म्हणाले हे सचिवांचं काम आहे.

त्या शुक्रवारी ऊन उतरेपर्यंत दोन्ही बाजू अगदी बरोबरीत आल्या. मत द्यायचं असं कोणी उरलं नव्हतं. अध्यक्षांनी वर्गाच्या समारोपाचे चार भावपूर्ण परिच्छेद तयार ठेवले होते, असं नंतर कळलं. मी पडद्याकडे बघत होतो. गटाच्या नावाखाली अक्षरं उमटली. दाऊदभाई टाइप करत आहेत…

अक्षरं गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. संदेश आला नाही. मग ‘हो’च्या बाजूला त्यांचा गोल फोटो दिसला, टोपी घातलेला, जरा वैतागलेला. बाहेर अजान सुरू झाली. मी आमचं जुनं संभाषण उघडलं. माझ्या संदेशाखालच्या खुणा निळ्या झाल्या होत्या.

अध्यक्षांनी तातडीने समिती नेमायचं सुचवलं. मी गाडी काढून परकारांच्या घरी गेलो. दाऊदभाईंच्या पत्नी झुलेखाभाभींनी चहा ठेवला. फोन दाऊदभाईंच्या खुर्चीत, उशीवर, चार्जरला लावलेला.

“बँकेचे मेसेज त्यावर येतात, म्हणून चालू ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “मत मी दिलं. कुटुंबाला एक मत ना? मग कुटुंब आहे की अजून.”

“पण त्यांच्या नावाने…”

“जोशीभाऊ, आधीची कुणी दिली वाटतं तुम्हाला? ते खुर्चीत बसून नुसते ओरडायचे, ‘दाब, नाय दाब!’ बटण मीच दाबायची.”

मला एकदम हलकं वाटलं. मी म्हटलं, “आणि काय लिहीत होतात इतका वेळ? आम्ही वाट बघत होतो.”

त्यांनी कप खाली ठेवला. “मी? मी कुठे काय लिहिलं? मला त्याच्यावर लिहिता येत नाही. उचलला, दाबलं, ठेवला.”

“मग झोयाने?”

“ती बापाबरोबर बाहेर गेली होती.”

मी अभियंता आहे. उचलताना बोट पडद्यावर पडलं असणार, असं मी म्हणालो. “असेल,” भाभी म्हणाल्या, आणि आम्ही दोघंही खुर्चीकडे न बघता चहा प्यायलो.

कुटुंबाचं मत म्हणून समितीने ते ग्राह्य धरलं. वर्ग सुरू आहे. परवा झोयाने मला दारात “या, बसा” म्हटलं आणि लगेच इंग्रजीत शिरली. खुर्चीत कोणी बसत नाही. फोन तिथेच असतो.

निकालासोबत अध्यक्षांनी गटावर श्रद्धांजलीही टाकली. ‘दाऊदभाई आज आपल्यात नाहीत, त्यांची उणीव आम्हाला पदोपदी जाणवेल,’ अशी बरीच लांब होती. तिला पहिला अंगठा दाऊदभाईंचा आला.