बापाच्या मागावरचा तुटका धागा

सन १९३६. मी बेचाळीस वर्षांचा होतो. महाल वस्तीतला एक नामी चित्रकार वारला होता आणि त्याच्या पुतण्यानं त्याचं घर, रंगाच्या वाट्यांसकट, लोकांना पाहायला उघडं ठेवलं होतं. तिथं माझ्या बापाचं चित्र आहे असं आमच्या इतवारी पेठेत कळलं, म्हणून गेलो. बापासारखा मीही कोष्टीच, मागावर बसणारा.

चित्रात बाप हुबेहूब होता. पण त्याच्या पुढ्यातल्या मागावर ताण्याचा एक तुटका धागा लोंबत होता. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. धागा तुटला की तिथंच सांधायचा, ही आमची रीत. लोंबता धागा ठेवून बाप कधी पाणीही प्यायला नाही.

"हे खोटं आहे, पुसा," म्हणून मी चार लोकांसमोर पुतण्याशी भांडलो. शेवटी तो वैतागला. "बरं बुवा, उद्या सकाळी रंग लावून बुजवतो."

जिंकूनही घरी चैन पडेना. मागावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. माय म्हणाली, "काहून गा अशा येरझारा घालून राहिला?"

सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अरे, तो धागा तूच तोडला होता! रांगत आला अन् ओढला. बाप तुहा चित्रवाल्याले म्हणे, राहू द्या, माह्या पोराचं काम हाय, तेही काढा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी अनवाणी महालात गेलो. पुतण्या रंग कालवतच होता. मी त्याचा हात धरला आणि जन्मात कोणाला म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "थांबा. काल मी चुकलो."