मांडीवरचे देव

मी देव मानत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज व्हायला नको. वडील यवतमाळला विज्ञानाचे शिक्षक होते. आमच्या घरात देव्हारा नव्हता आणि त्याचा आम्हाला थोडा माजही होता. मी पुण्यात आलो तो सॉफ्टवेअर तपासण्याच्या नोकरीवर. दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या हे माझं पोटापाण्याचं काम, आणि स्वभावही नेमका तोच. त्यामुळे आज जे लिहितो आहे त्याला आध्यात्मिक अनुभव म्हणावं की नाही, हे मी वाचणाऱ्यांवर सोडतो. घडलं तसं सांगतो.

मी दारू पीत होतो. सगळेच पीत होते, असं मी तेव्हा म्हणायचो. खराडीत नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, पगार आमच्या वडिलांनी स्वप्नातही पाहिले नव्हते एवढे मिळत होते, आणि एक काम वेळेत संपलं की पार्टी, नाही संपलं तरी पार्टी. माझी पार्टी हळूहळू कर्वेनगरच्या घरापर्यंत आली आणि मग घरातून हलेना. एकदा मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनाहून आणायला गेलो तो पिऊनच गेलो. राही तेव्हा आठ वर्षांची होती. वळणावर स्कूटर घसरली. मला खरचटलंही नाही. तिचं मनगट मोडलं. नीलिमा, माझी बायको, प्लास्टर निघेपर्यंत थांबली आणि मुलीला घेऊन माहेरी सांगलीला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही बरे झालात की कळवा."

मग मी गटात जाऊ लागलो. दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट, मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात वाजता एका शाळेच्या वर्गात जमायचा. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही मोठमोठी माणसं गुडघे दुमडून बसायचो. माणसं प्रामाणिक होती, चहा बरा होता, पण बोलण्यात पावलोपावली देव. त्याच्या हवाली केलं, त्याने सांभाळलं, त्याची इच्छा. शेवटी सगळे उभे राहून एकमेकांचे हात धरत आणि डोळे मिटून एक छोटी प्रार्थना म्हणत. मी हात धरायचो, डोळे उघडे ठेवायचो. आणि इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, जी तेव्हा कोणालाच सांगितली नाही. त्या मिटलेल्या डोळ्यांचा मला हेवा वाटायचा. लग्नघरी सगळे पंगतीला बसलेत आणि आपण मात्र दारात चपला घालून उभे आहोत, तसं काहीसं. आत बोलावत सगळेच होते. मलाच जाता येत नव्हतं.

हेवा वाटला की मी वाद घालतो. पहिल्याच महिन्यात गटातल्या आण्णांना गाठलं. आण्णा खराडीचे जुने शेतकरी. माझं ऑफिस ज्या जमिनीवर उभं होतं ती त्यांच्याच घरची. "तुमच्या लिफ्टपाशी आमची हीर व्हती," असं ते हसत सांगायचे. दारू सोडून त्यांना चौदा वर्षं झाली होती. मी विचारलं, "आण्णा, ज्याचा देवावर विश्वास नाही त्याने इथे काय करायचं?"

"देव ऱ्हाऊ द्या बाजूला," ते म्हणाले. "तुमच्याच्यानं दारू सुटली न्हाई, एवढं मान्य हाय का?"

"आहे."

"मंग बसा. बाकीचं बघू."

मी बसलो, पण गप्प नाही बसलो. तिसऱ्या महिन्यात मी जे केलं ते फक्त आमच्या धंद्यातला माणूसच करू शकतो. मी प्रार्थनेची सुधारित आवृत्ती तयार केली. जुन्या प्रार्थनेतल्या त्रुटींचा तक्ता, प्रत्येक त्रुटीपुढे उपाय, आणि खाली नवा मजकूर. ऑफिसच्या प्रिंटरवर बारा प्रती काढल्या आणि वाटल्या. नव्या मजकुरात देव नव्हता. "आम्ही सर्वजण परस्परांच्या सहकार्याने मनःशांती प्राप्त करण्याचा निर्धार करीत आहोत," अशी त्याची सुरुवात होती.

गटात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. "छान आहे," ते म्हणाले. "सोसायटीच्या ठरावात शोभून दिसेल." सगळे हसले. मग चष्मा काढत त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "पण अहो, निर्धार करून जमलं असतं, तर आपली इथे ओळख झाली असती का?"

रात्री घरी निर्धार करून सकाळी मोडण्यात माझी सात वर्षं गेली होती. त्या दिवसापासून मी वाद थांबवला. प्रार्थना मात्र तरीही म्हटली नाही. खोटं बोलायचं नव्हतं. खोटं बोलण्यात मी आधीच पुष्कळ प्रवीण झालेलो होतो.

असे दहा महिने गेले आणि मी कोरडा राहिलो, थेंबही घेतला नाही. नीलिमाला कळवलं. तिने बराच विचार करून सांगितलं की राहीला दोन दिवसांसाठी पाठवते. शनिवारी तिचा मामा तिला एसटीने स्वारगेटला आणेल, रविवारी परत नेईल. मी घर धुऊन काढलं. तिच्या खोलीत नवी चादर घातली. साबुदाण्याची खिचडी तिला आवडते म्हणून आदल्या दिवशी एकदा करून पाहिली, ती गिचका झाली, म्हणून पुन्हा केली. दोनची गाडी होती. मी साडेबाराला जाऊन बसलो.

गाडी आली. मामा उतरला. त्याच्या मागे मी बघत राहिलो. लोक उतरत होते, माझी मान प्रत्येकाबरोबर हलत होती. शेवटी कंडक्टर उतरला.

"दाजी," मामा म्हणाला, "बसस्टँडवर आली होती. गाडीत चढेना. ताई समजावत होती, पण ती म्हणाली, नको, भीती वाटते. फोनवर सांगायला मला बरं वाटेना, म्हणून आलो." तो भला माणूस. चहा घेऊ म्हणाला. मी नको म्हटलं. अर्ध्या तासाने सांगलीची परतीची गाडी होती, तो तिने गेला.

मी बाकावर बसून राहिलो. बायको नाही म्हणाली असती तर मी तिच्याशी भांडलो असतो. पण पोरगी स्वतः नाही म्हणाली होती आणि तिचं बरोबर होतं. तिची भीती मी स्वतःच्या हाताने तिला दिली होती. दहा महिने ज्या एका गोष्टीसाठी काढले ती गोष्टच नव्हती, तर मग कोरडं राहायचं कशाला, असं वाटलं. फाटकासमोर रस्त्यापलीकडे दारूचं दुकान होतं. तोंडाला कोरड पडली. गटात सांगितलेलं मी सगळं केलं. आण्णांना फोन लावला, लागला नाही. सरांना लावला, घरी कोणी उचलला नाही. म्हटलं, ठीक आहे. आपण आपल्याकडून सगळं केलं. मी उठलो.

तेवढ्यात एक म्हातारी धावत आली. भोरकडच्या गाडीतून उतरली असावी. नऊवारी, पायात प्लॅस्टिकच्या चपला, छातीशी लाल फडक्यात बांधलेला पितळी डबा. गर्दीत तिने मलाच का निवडलं, देव जाणे. म्हणजे, बोलण्याची रीत म्हणून म्हणतो.

"बाबा, बस जरा, ह्ये धर," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याला धरून तिने मला अक्षरशः खाली बसवलं. "माझं गठुडं गाडीतच ऱ्हायलं. मांडीवर ठेव. भुईला टेकवू नगंस, बाकावर बी नगं. देव हायेत त्यात. घरचे. लेकाकडं निघालीय घेऊन." आणि मी काही बोलायच्या आत ती गाडीच्या मागे आगाराच्या आतल्या बाजूला दिसेनाशी झाली.

मी मांडीवर डबा घेऊन बसलो. आधी हसू आलं. मग राग आला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझ्यातला चुका शोधणारा जागा झाला. त्यात चार पितळी मूर्ती आणि टाक असतील. पितळेला बाक आणि मांडी यातला फरक कळत नाही. बाकावर ठेवून जावं. पण म्हातारी परत आली आणि देव बाकावर एकटे दिसले तर? बरं, सोबत घेऊन जावं तर बगलेत कोणाचे तरी कुलदेव मारून दारूच्या दुकानात उभं राहायचं? तेवढा पुरोगामी मी नव्हतो. आणि मुख्य म्हणजे, कितीतरी दिवसांत माझ्या हाती कोणी काही विश्वासाने सोपवलं नव्हतं. माझी मुलगी माझ्याकडे येणाऱ्या गाडीत बसायला तयार नव्हती, आणि ही अनोळखी बाई अख्खं घर माझ्या मांडीवर ठेवून गेली होती.

डबा जड होता. फडक्याला हळदीचा आणि कापराचा वास होता. राही तान्ही असताना तिला मांडीवर घेतली की एक पाय हळूहळू बधिर व्हायचा, तरी हलवावासा वाटायचा नाही. तसाच पाय बधिर झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही हातांनी डबा धरलेला होता. लोक बघत होते. मी प्रार्थना केली नाही. फक्त मान खाली घालून, त्या फडक्याकडे बघत, "माझ्याच्यानं होत नाहीये हो," एवढं म्हणालो. कोणाला म्हणालो ते तेव्हा मनात आलंच नाही. निर्धार नव्हता तो, निर्धार पार संपला होता. त्यानंतर मी नुसता बसून राहिलो. ती तहान कधी गेली ते कळलं नाही.

म्हातारी दीड तासाने आली. गाडी आत धुवायला नेली होती, गाठोडं भलत्याच खोलीत जमा केलं होतं, अशी तिची मोठी कहाणी होती. तिने डबा उचलला, कपाळाला लावला. "लई वेळ बशिवलं रं तुला," म्हणाली. मी तिला हडपसरच्या बसमध्ये बसवून दिलं. ती गेली आणि मांडी एकदम हलकी झाली. मला ते मुळीच आवडलं नाही. त्या वजनाची आठवण मला अजूनही येते.

संध्याकाळी गटात हे सगळं सांगितलं. सर म्हणाले, "काखेत कळसा ऐकला होता. मांडीवर पहिल्यांदाच ऐकतोय." पण त्यांचे डोळे भरून आले होते. आण्णा दारापर्यंत सोबत आले आणि म्हणाले, "पोरीला वढू नका. आपली म्हणून तिला वढायचं न्हाई. तुमी आपलं जायचं न् बसायचं. येनं न येनं तिच्यावर सोडा."

मी राहीला पत्र लिहिलं. दर शनिवारी सांगलीच्या दोनच्या गाडीला मी स्वारगेटला असतो. तू यायलाच हवं असं नाही, मी असतो एवढंच. आणि मी जाऊ लागलो. गाडी यायची, माणसं उतरायची, शेवटी कंडक्टर उतरायचा. सुरुवातीला प्रत्येक शनिवारी आतून तुटायला व्हायचं. पुढे पुढे तुटणं तसंच राहिलं, पण त्याच्यासोबत बसता येऊ लागलं. देव आहे की नाही, हे मला अजून ठाऊक नाही. पण आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची, हात रिकामे ठेवून, मनापासून वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. मिटलेल्या डोळ्यांमागे त्या लोकांचं बहुधा हेच चाललेलं असतं. तसं असेल तर मी तितकासा बाहेर नव्हतो.

सतराव्या शनिवारी गाडीतून मामा उतरला आणि त्याच्या मागे राही. उंच झाली होती. पाठीवर दप्तर, केस कापलेले. दोन हात अंतरावर थांबून तिने मला नीट बघून घेतलं.

"बाबा, तू कधीचा बसलायस?"

"आत्ताच आलो," मी म्हणालो.

मामाने दुसरीकडे तोंड फिरवलं. राही पुढे चालू लागली आणि थोडं जाऊन, मी येतोय ना, म्हणून तिने एकदा मागे वळून बघितलं. आभार मानावेसे वाटत होते आणि मानायचे कोणाचे ते माहीत नव्हतं. त्या गर्दीत, तिच्या मागून चालता चालता, मी हात जोडले. कोणाला जोडले ते मला आजही सांगता येणार नाही. जोडले एवढं खरं.