परब गुरुजींचं पेन

जेवण झाल्यावर वासुदेव चितारी आपल्या पेनांच्या दुकानाचं एक दार ओढून घेतो आणि लेथशेजारच्या बाकावर आडवा होतो. सावंतवाडीत भर दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही. डोळे मिटतात, तरी रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू येत राहते. मग ती लांबत जाते, शाळेच्या घंटेएवढी होते, आणि डोळे न उघडताच त्याला कळतं, की समोरच्या स्टुलावर कुणीतरी येऊन बसलंय.

परब गुरुजी. त्यांना जाऊन आज नववा दिवस.

"झालं का रे माझं पेन?"

वासुदेवला नवल वाटत नाही. तो उठून बसतो, पेन त्यांच्या हातात देतो. जवळजवळ पन्नास वर्षं तो हेच करत आलाय. एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, काळी कांडी लेथवर कातायची, ज्याला भेट मिळणार त्याच्या पंजाला बसेल एवढी जाडी ठेवायची, आणि देणाऱ्याने कागदावर लिहून दिलेलं नाव त्याच्याच अक्षरात कोरायचं. गुरुजींच्या पंच्याहत्तरीसाठी जुन्या विद्यार्थ्यांनी हे सांगितलं होतं. गुरुजी आधीच गेले. आता ते त्यांच्या मुलीला द्यायचं ठरलंय. "गुरुजींचं नाव तुझ्याच अक्षरात घाल, वासू," सगळे म्हणाले, "तूही त्यांचाच विद्यार्थी." तिथेच घोडं पेंड खातंय.

"कोरं का हे?" गुरुजी पेन उलटसुलट करतात.

"माझं अक्षर चांगलं नाही, गुरुजी."

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच."

दुकानाला आता पुष्कळ खिडक्या आहेत. लेथच्या जागी फळा आहे, ओल्या पाट्यांचा वास येतोय. साठीचा वासुदेव बाकात बसलाय, गुडघे मावत नाहीत.

"सहावीत होतो. माझी वही तुम्ही वर्गाला दाखवलीत. म्हणालात, कोंबडी शाईत पाय बुडवून नाचलीय. दुसऱ्या दिवसापासून मी आलोच नाही. बाबांच्या हाताखाली लेथवर बसलो."

"मी असं म्हटलं होतं?"

"हो."

"आठवत नाही." गुरुजी पेन त्याच्या हातात परत देतात. "पण म्हटलं असेन. वर्ग हसला की बरं वाटायचं तेव्हा मला. तू येईनास, तर वाटलं, ताप असेल. मग वाटलं, घरी जाऊन यावं. ते राहिलंच."

ते दोघं मोती तलावाच्या कठड्यावर बसलेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी मुलांना इथेच आणायचे, कविता म्हणवून घ्यायचे आणि खिशातले चणे वाटायचे. वासूला दोन मुठी, कारण सूर तो धरायचा. आत्ताही गुरुजींचा हात खिशात जातो. चणे तसेच, खारट, गरम.

"तुमचा राग नाही धरला मी," वासुदेव म्हणतो. "फक्त लिहायचं सोडलं."

"मग आता लिही. माझं नाव. मी बघत नाही." गुरुजी पाण्याकडे तोंड करून बसतात.

वासुदेव लिहितो. भिकाजी रामचंद्र परब. भ वाकडा येतो. तो पुन्हा लिहितो. कागद संपत नाही, पेनातली शाई संपत नाही, तलावावरचं ऊन हलत नाही. शेवटी गुरुजी वळतात आणि कागद नाकाजवळ नेतात, वह्या तपासताना न्यायचे तसाच.

"सुंदर नाही," ते म्हणतात. "पण कुणाचं आहे ते कुणी न सांगता कळेल. तुझ्या धंद्यात तेच तर लागतं ना?"

वासुदेव उत्तर द्यायला तोंड उघडतो.

"अहो, चहा." बायको दारात उभी आहे. स्टूल रिकामं आहे. कागद नाही, शाईची बाटली बंद आहे. वासुदेव उठायला हात टेकवतो आणि थांबतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, नखाच्या बाजूला, खळगा पडलाय. लाल, खोल, पेन दाबून धरून खूप वेळ लिहिलं की पडतो तसा. लेथचे घट्टे तळव्यावर असतात, इथे कधीच नसतात.

"काय झालं?" बायको विचारते.

"काही नाही. चहा ठेव तिथे."

तो कोरं पेन पुढ्यात घेतो, कोरण्याआधी अक्षर आखायची पांढरी पेन्सिल उचलतो आणि त्याच खळग्यात ती टेकवून भ काढायला घेतो.