एक बिअर, काळी आणि फार स्ट्राँग

आमच्या बाबांना दारूच्या भानगडीत मी पकडून दिलं, तेव्हा ते गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष होते.

साठ सालचा उन्हाळा. पांढरकवड्याच्या अलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. इंग्रजीत पास झालेला गावातला मी एकटाच. (दुसऱ्या खेपेला. पण हे गावाला माहीत नव्हतं.) त्या दिवशी माझ्या मोठ्या बहिणीला, शांताताईला, पाहायला बाभुळगावचे पाहुणे यायचे होते. घर सारवलेलं, पोहे भिजवलेले, आणि सकाळी सकाळी गुरांच्या कोठ्याजवळच्या खोलीत अस्वल शिरलं!

त्या खोलीत बैलांसाठी मोहफुलं ठेवलेली होती. त्या वासावर ते आलं. बाबांनी प्रसंगावधान राखून बाहेरून कडी घातली, हातात काठी घेतली आणि दारासमोर बाज टाकून बसले. आतून मोहफुलं खाल्ल्याचा आवाज येत होता.

गावाबाहेरच्या डाक बंगल्यावर एक नवे साहेब उतरले होते. मद्रासकडचे. त्यांच्याकडे जीप होती आणि बंदूक होती, पण मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुले इंग्रजी येते ना? मंग जाय. पाहुणे यायच्या आंधी हे निपटलं पायजे."

वाटेत मी शब्दांची उजळणी केली. अस्वलाचं स्पेलिंग मला पक्कं पाठ होतं, उच्चाराची तेवढी शंका होती. पण मी डोकं चालवलं. त्या शेवटच्या तीन अक्षरांचा उच्चार कानाला म्हणतात तसा 'इअर'. त्याच्या आधी अक्षरं लावली की डिअर होतो, फिअर होतो, निअर होतो. म्हणजे हा बिअर. इंग्रजी इतकी सरळ भाषा आहे, लोक उगाच घाबरतात, असंही मला वाटून गेलं.

साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. त्यांचा दुभाषा शिपाई बाजाराला गेला होता. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, वन बिअर इन अवर हाऊस."

साहेबांनी कप खाली ठेवला. कसली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "ब्लॅक, सर. व्हेरी स्ट्राँग." कुठून आली? "फ्रॉम जंगल, सर." तुझ्या वडिलांना माहीत आहे? मला अभिमान वाटला. "फादर लॉक्ड इट, सर. फादर सिटिंग विथ स्टिक." मग गावात आणखी कोणाला ठाऊक आहे, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मी म्हणालो, सगळ्या गावाला. आणि आज घरी पाहुणे येणार आहेत, तेव्हा त्याआधी, "प्लीज कम अँड फिनिश इट, सर."

साहेबांचा चेहरा लाल झाला. माझ्या इंग्रजीचा इतका परिणाम आजवर कोणावर झाला नव्हता. त्यांनी तडक ठाण्यावर जीप नेली, थोडंफार इंग्रजी येणारा एक जमादार आणि दोन शिपाई घेतले, आणि मी पुढच्या सीटवर बसून वाट दाखवत गावात शिरलो.

पोलीस पाहून बाबा खूश झाले. एका अस्वलासाठी सरकारनं एवढा बंदोबस्त धाडला होता. जमादारानं विचारलं, आत आहे काय? बाबा म्हणाले, हाये. कोणी ठेवलं? बाबा छाती काढून म्हणाले, म्याच कोंडलं. जमादारानं दाराच्या फटीला नाक लावलं. ज्याची दारू गाळतात त्या मोहाचा वास भक्कन आला. त्यानं साहेबांकडे पाहून मान डोलावली. साहेबांनी बाबांना धरायची खूण केली.

नेमकी त्याच वेळी पाहुण्यांची दमणी अंगणात आली. मुलाचे वडील खाली उतरले, आणि काय झालं म्हणून त्यांनी एका शिपायाला विचारलं. तो म्हणाला, घरात दारू सापडली. पाहुण्यांनी गाडीवानाला बैल वळवायला सांगितलं.

दारू हा शब्द बाबांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जन्मात पानसुद्धा न खाल्लेला माणूस. ते ओरडले,

"दारू? माह्या घरात? घ्या, पाहून घ्या डोये भरून!"

आणि त्या रागाच्या भरात, आत काय आहे हे साफ विसरून, त्यांनी स्वतःच कडी काढली.

अस्वल बाहेर आलं. पोटभर मोह खाल्ल्यामुळे ते जरा झुलत होतं. जमादार कडब्याच्या गंजीवर दिसला. शिपाई दिसलेच नाहीत. मुलाचे वडील दमणीखाली गेले, बाबा बाजेखाली, आणि साहेब जीपमध्ये चढून उभे राहिले. शेजारी मी होतोच.

"बेअर!" साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

"येस सर," मी बोट दाखवून म्हणालो, "बिअर."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर त्यांनी अस्वलाकडेही टाकली नव्हती.

तेवढ्यात नवं लुगडं नेसलेली शांताताई पितळेची परात आणि उलथनं घेऊन बाहेर आली आणि दणादणा बडवत सरळ अस्वलाच्या अंगावर गेली. अस्वलानं तिच्याकडे पाहिलं, विचार केला आणि वावरातून जंगलाकडे निघून गेलं.

मुलाचे वडील धोतर झटकत दमणीखालून निघाले. "पोरगी पसंत हाये," ते म्हणाले. "आता काई इचारायचं राह्यलं नाई." ताई मात्र परात खाली ठेवायला तयार नव्हती. पोरगा कुठे आहे, तो काहून नाही आला, असं तिनंच विचारलं. पुढच्या आठवड्यात तो येऊन तिला पसंत पडला, तेव्हा कुठे लग्न ठरलं.

साहेबांनी जमादारामार्फत बाबांची माफी मागितली आणि सगळा घोटाळा कसा झाला तेही सांगितलं. बाबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

ताईच्या लग्नाला दुसरे एक साहेब आले. तेही इंग्रजीच बोलणारे. मी पुढे होऊन तोंड उघडणार, तोच बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुभाष्याला म्हणाले, "साहेबाले सांग, हा माहा पोरगा. जलमाचा मुका हाये."

साहेबांनी हळहळून माझा हात हातात घेतला आणि इंग्रजीत बराच वेळ धीर दिला. मी नुसती मान हलवत राहिलो. माझ्या इंग्रजीत त्या दिवशी एकही चूक झाली नाही.