गच्चीवरचा तुर्की किल्ला

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत पीठगिरणीवर उभी होते. फोन ताईचा होता. "शालू, हे गेले वं," एवढंच ती म्हणाली, आणि मागे कुकरची शिट्टी झाली. "थांब, गॅस बंद करते..." म्हणून तिने फोन ठेवला. मी दळण तिथेच सोडलं, पिशवीतल्या कागदावर यादी केली (कोणाला कळवायचं, गुरुजी, मंडप, खुर्च्या, बाहेरून येणाऱ्यांचा चहा) आणि ऑटो करून हुडकेश्वरला निघाले. त्या यादीत रडणं नव्हतं. पुढच्या कुठल्याही यादीत ते मला घालावंसं वाटलं नाही.

याला आता महिना उलटून गेला. या काळात भाऊजींवर बरंच छापून आलं. कोणी त्यांना तपस्वी म्हटलं, कोणी गडकोटांचा सखा. त्यांच्या किल्लेप्रेमी मंडळातल्या लोकांनी मलाही लिहायला सांगितलं, घरातलं कोणीतरी हवं म्हणून. घरातली म्हणूनच लिहिते आहे. त्यांना ते आवडेल असं वाटत नाही.

वसंतराव हे माझ्या थोरल्या बहिणीचे, मंदाताईचे यजमान. कचेरीतली नोकरी त्यांनी पोटासाठी केली, जीव मात्र किल्ल्यांत होता. ते बोलायला उभे राहिले की ऐकत राहावं असं बोलत, हे मी नाकारणार नाही. दरवाजासमोरची वाट आधी का वळवतात, हत्तीला धडक द्यायला मोकळी धाव मिळू नये म्हणून, हे मला त्यांनीच शिकवलं. आजही कुठल्या किल्ल्यात शिरताना ते आठवतं. पण त्यांचं एक मत होतं आणि ते प्रत्येक भाषणात यायचं : किल्ल्यात माणसं राहायला आली की किल्ला मेला. चुली, दोऱ्या, कोंबड्या, सगळं त्यांच्या लेखी अतिक्रमण. आपल्या सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, वर्षातले मोजके दिवस उघडतो. बाकीचे लोक त्याबद्दल कुरकुरतात. भाऊजी खूश असायचे. "रिकामा आहे म्हणून टिकला," म्हणायचे.

हे मत त्यांनी घरालाही लावलं होतं. हुडकेश्वरच्या घराच्या गच्चीवर त्यांनी सिमेंटचे किल्ले बांधायला घेतले. एक झाला, दुसरा झाला, मग भिंतीला लागून रांगच लागली. रविवारी मंडळाची माणसं यायची, मुलं यायची, भाऊजी छडी घेऊन दाखवायचे. ताईला तिथे पापड घालायला बंदी. कुरडया नाहीत, वड्या नाहीत, मिरच्याही नाहीत. आमचं माहेर पारशिवनीकडचं, उन्हाळा म्हणजे अंगणभर वाळवण आणि काठी घेऊन बसलेल्या बाया. ती ताई भिजवलेल्या डाळीचे डबे घेऊन, दोन ऑटो बदलून माझ्याकडे धरमपेठेत यायची आणि माझ्या गच्चीवर वड्या घालून संध्याकाळी परत जायची. स्वतःचं छत असताना. मी एकदा भाऊजींना तोंडावर विचारलं. ते हसून म्हणाले, "शालू, तुझी बहीण साऱ्या जगाला पारशिवनी समजते. तिले लाख सांगा, ते डोक्यात शिरत नाही."

तुर्कस्तानची सहल मीच आखली होती. आम्ही दोघं नवराबायको आणि ते दोघं. पश्चिम किनाऱ्यावर सिगाजिक नावाचं गाव आहे, तिथे उस्मानी काळातला समुद्रकाठचा किल्ला आहे. भाऊजींनी तो यादीत आग्रहाने घालायला लावला. आत लोक राहतात हे त्यांनी वाचलं नव्हतं, किंवा वाचून सोडून दिलं असेल. दरवाजातून आत गेलो आणि समोर गल्ली. दगडी भिंतींना टेकून घरं, वर द्राक्षांचे वेल, उंबऱ्यावर चपला, कोणाच्या तरी खिडकीतून बातम्या ऐकू येत होत्या. तटाच्या दगडात खिळा मारून बांधलेल्या दोरीवर चादरी. ताई दारादाराशी थांबत चालली होती. गुडघे दुखत होते तिचे, पण थांबत होती ती पाहण्यासाठी. मला म्हणाली, "शालू, इथं तर सारं सुरू हाय वं!" भाऊजींचा चेहरा मात्र असा, की कोणी त्यांच्याच घरात शिरलंय.

बुरुजाच्या पायथ्याशी एका बाईने पांढऱ्या चादरीवर वाळवण घातलं होतं. दह्यात भिजवलेल्या पिठाचे ओलसर तुकडे, सुकवून हिवाळ्यात सूप करतात. भाऊजींच्या खिशात नेहमी लोखंडी टेप असे, त्यांना बुरुज मोजायचा होता आणि चादर आडवी येत होती. त्यांनी त्या बाईला इंग्रजीत दोनदा सांगितलं. ती हसली, तिला कळलं नाही. मग त्यांनी वाकून चादरीचं टोक धरलं आणि सरळ बाजूला ओढलं.

वाळवण घातलेल्या कोणालाही हे कळेल. अर्धवट ओले तुकडे घसरले, एकावर एक ढीग झाला, आणि ढीग झाला की ते चिकटतात आणि आंबतात. बाईचा हात तोंडाशी गेला. ताई माझ्या पुढून गेली. त्या गुडघ्यांनी ती दगडावर खाली बसली आणि एकेक तुकडा सोडवून पसरायला लागली. क्षणभराने ती बाईही समोर बसली. एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघींचे हात मात्र एकाच चालीने चालले होते.

"मंदा, ऊठ. लोक पाहून राहिले."

"पाहू द्या."

"बस निघून जाईल, म्हणतो ना!"

"तुम्ही ओढलं, मी पसरून देऊन राहिली," ताई मान वर न करता म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं."

तिने त्यांना 'तुम्ही व्हा पुढं' म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बस थांबली, ड्रायव्हरला सांगून मी ती थांबवली. निघताना त्या बाईने मूठभर सुके तुकडे ताईच्या पदरात बांधून दिले. परतीच्या विमानतळावर भाऊजींनी ती गाठ सोडायला लावली, कस्टमवाले पकडतील म्हणून, आणि ते तुकडे कचरापेटीत टाकले. मग मला ऐकू येईल असं म्हणाले, "परदेशात आणलं, तरी पारशिवनीच."

घरी आल्यावर त्यांनी तोच किल्ला बांधायला घेतला. गच्चीचा जो एक कोपरा ताईला कपडे वाळत घालायला उरला होता, तिथे. सगळ्यांत मोठा तोच. तटाचे दाते, बुरूज, दरवाजे, सगळं टेपने मोजल्याप्रमाणे, बाहेर निळ्या रंगाचा समुद्र. आत मात्र काही नाही. परातीसारखं गुळगुळीत सिमेंट. उद्घाटनाला मीही होते. ताईने सगळ्यांसमोर विचारलं, "अन् त्या बाईचं घर कुठी हाय यात?" भाऊजी छडी हलवत म्हणाले, "ते मूळ बांधकामात नाही." लोक हसले. ताई चहा आणायला खाली गेली.

तेरवी झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष आणि दोघे-तिघे आले. गच्ची स्मारक म्हणून जपायची, रविवारी लोकांना उघडायची, जिन्याची चावी मंडळाकडे ठेवायची. "वहिनी, भाऊंची हीच इच्छा होती," अध्यक्ष म्हणाले. भाऊजींची ती इच्छा असणारच, त्यात मला शंका नाही. ताई "पाहू" म्हणाली. मी घरी जाऊन नकाराची कारणं क्रमवार लिहून काढली आणि तिला फोनवर वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्याकडं जुनी सुती साडी हाय का एखादी? धुतलेली पाह्यजे."

गेल्या आठवड्यात साडी घेऊन गेले. आमच्याकडे घरात मृत्यू झाला की वर्षभर वाळवण करत नाहीत, शेजारच्या काकू ते सांगायला येऊन गेल्याही होत्या. ताई गच्चीवर होती. माझी साडी तिने चौपदरी करून तुर्की किल्ल्याच्या आत अंथरली, काठ तटाला लागून ती बरोबर बसली. मग मुगाच्या वाटलेल्या डाळीचं पातेलं घेऊन ती समुद्रात पाय ठेवून बसली आणि आत वड्या घालायला लागली. ओळीने, मध्ये गल्ल्या सोडून. बुरुजाशेजारची एक वडी तिने जरा मोठी घातली आणि मला म्हणाली, "हे तिचं."

अध्यक्ष चावीचं विचारायला नेमके तेव्हाच जिना चढून आले. दारातच थांबले.

"वहिनी... हे काय करून राहिल्या?"

"किल्ल्यात लोक राहतात भाऊ," ताई म्हणाली. "मी पाहून आली ना. अन् चावी माह्याकडंच राहीन."

ते गेले. ऊन चढलं तशा चिमण्या उतरायला लागल्या. ताईने खाली जाऊन भाऊजींचा लोखंडी टेप आणला, सगळा बाहेर ओढला आणि एका बुरुजापासून कपड्यांच्या खांबापर्यंत बांधून टाकला. वारा आला की तो चमकतो, खडखडतो, आणि एकही पाखरू वड्यांजवळ येत नाही. मी संध्याकाळपर्यंत तिथे बसून होते. भाऊजींनी इतक्या वर्षांत ताईच्या वाळवणाला लावलेला तो पहिला हात.