फाईल गेली खंय?

संगणकावर विश्वास नसलेली माणसं मुंबईत पुष्कळ असतील, पण त्या अविश्वासाचाच पगार घेणारी बाई मी एकच पाहिली. अंधेरी पूर्वेच्या आमच्या छोट्या ऑफिसात त्या सर्व्हर सांभाळायच्या. आम्ही बनवलेल्या वेबसाईटवरून लोक जे काही पाठवतील ते ज्या यंत्रात जाऊन पडतं, ते यंत्र त्यांच्या ताब्यात. साठीला टेकलेल्या, सुती साडी, खाली स्पोर्ट्स शूज, आणि सगळं ऑफिस त्यांना मावशी म्हणायचं. त्यावरून पहिल्याच दिवशी माझी वाट लागली. मावशी म्हणजे चहावाल्या मावशी असं समजून मी म्हणालो, "मावशी, एक कटिंग." त्यांनी मुकाट्याने चहा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "घे. आणि तुझा पासवर्ड तुझ्या वाढदिवसाचा ठेवलायस, तो आधी बदल."

मी स्क्रीनवर दिसणारा भाग करायचो. मावशी त्याच्या पलीकडचा, सर्व्हरचा. मधल्या वाटेवर फाईल हरवली की आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, "मावशी, माझ्या मशीनवर चालतंय." त्यावर त्या चष्म्यावरून बघत, "मग तुझं मशीन पाठवूया ना लोकांच्या घरोघरी." फारच तापल्या की थेट मालवणीत शिरायच्या. "तां सगळां ऱ्हवांदे. माका एवढांच सांग, फाईल गेली खंय?" फाईल नीट चढते का हे तपासायला आम्ही सगळे कंपनीचं चिमुकलं बोधचिन्ह पाठवून बघायचो. मावशींना ते मान्य नव्हतं. त्यांच्याकडे 'खरी माणसं' नावाचं फोल्डर होतं. त्यात चार घड्या पडलेलं रेशनकार्ड, उलटं स्कॅन झालेलं लाइट बिल, बाजारात काढलेला सुरमईचा हललेला फोटो, आणि पुतण्याच्या साखरपुड्याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ. तो व्हिडिओ त्यांनी इतक्या वेबसाईटवर चढवून पाहिला होता की नवरीकडची माणसं मला चेहऱ्याने पाठ झाली होती.

एकदा नर्सिंगचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या एका संस्थेचा प्रवेशअर्ज आम्ही बनवला. घाई इतकी, की मावशींचं फोल्डर बाजूलाच राहिलं. मदतीसाठी अर्जाखाली आमचाच नंबर होता. शेवटच्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन आला. दिंडोशीहून सुनीताताई म्हणून एक बाई बोलत होत्या. त्यांच्या मुलीची गुणपत्रिका त्यांनी तीनदा पाठवली होती आणि संस्थेचा मेसेज येत होता की मिळाली नाही. मी विचारलं, "हिरवी खूण आली ना? मग झालं. मेसेज जुना असेल." मावशींनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. पत्ता विचारला. मग मला म्हणाल्या, "ऊठ. लॅपटॉप घे."

"मावशी, फोनवरून बघू ना."

"फोनवरून तू बघितलंस की आत्ताच."

रिक्षात मला सक्त ताकीद होती. तिथे गेल्यावर हात मांडीवर ठेवायचे आणि तोंड बंद. सुनीताताई एका शाळेत शिपाई होत्या. रजा टाकून बसल्या होत्या. टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, आणि शेजारी मुलगी, रडून डोळे सुजलेली. "मला एवढं येत नाही ओ," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "माझंच काहीतरी चुकलं असणार. पोरीचं वर्ष जाईल माझ्यामुळे." मावशींनी त्यांना शांतपणे सगळं पहिल्यापासून करायला लावलं. त्यांनी मोबाईलवर फोटो काढला, निवडला, बटण दाबलं. हिरवी खूण आली. मावशींनी लॅपटॉपवर सर्व्हर उघडला. तिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी सर्व्हरने परत पाठवलेल्या गोष्टींची नोंद उघडली आणि एकेक ओळ बोटाने वाचत खाली गेल्या.

मोबाईलचा फोटो मोठा होता. सर्व्हर एक एमबीच्या वरचं काही आतच घेत नव्हता. आणि माझी हिरवी खूण सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता, बटण दाबलं की उगवत होती. दुकानातून लहान आकारात स्कॅन करून आणलेले कागद पोहोचत होते, घरी मोबाईलवर काढलेले दारातूनच परत जात होते.

"ताई, तुमचं काही चुकलं नाही," मावशी म्हणाल्या. "ह्याचं चुकलंय." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "आणि माझं त्याहून जास्त. ही मर्यादा चाचणीच्या वेळी मीच घातलेली. काढायला विसरले." त्यांना चूक कबूल करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. सुनीताताई उठल्या आणि त्यांनी आम्हाला पोहे केले. आम्ही नको म्हणण्याच्या स्थितीत नव्हतो.

मर्यादा काढली, गुणपत्रिका गेली, सर्व्हरवर दिसली. मुलीने ती मावशींच्या स्क्रीनवर दोनदा पाहून खात्री केली. पण नोंदीत अशी कितीतरी माणसं होती. मावशींनी तिथूनच संस्थेच्या सचिवांना फोन लावला. ते म्हणाले, नियमाप्रमाणे आज सहाला खिडकी बंद. मावशी म्हणाल्या, "चूक आमची आहे, तुमच्या नियमाची नाही. मी लिहून देते." बऱ्याच घासाघाशीनंतर दोन दिवस मिळाले. ऑफिसात परतून आम्ही अर्जांवरचे फोन नंबर काढले आणि एकेकाला फोन केला. मावशी प्रत्येकीची आधी माफी मागायच्या, मग फोटो काढताना कागद कसा धरायचा ते सांगायच्या, मग घरी कोण कोण आहे तेही विचारायच्या. त्यामुळे माझे दहा फोन व्हायचे तेव्हा त्यांचे तीन. सुनीताताईंच्या मुलीचं नाव प्रवेशाच्या यादीत लागलं. बाकीच्या सगळ्यांचं काय झालं, कळलं नाही.

सचिवांना द्यायचं पत्र मावशींनी हाताने लिहिलं. मी वाचलं. सर्व्हरची मर्यादा होती, त्यांचं नाव होतं, सही होती. माझ्या हिरव्या खुणेबद्दल एक अक्षर नव्हतं.

"मावशी, माझं राहिलं ह्यात."

"गप रे. तुका अजून बरीच वर्षां नोकरी करूची आसा. माझी काय, संपतच इली."

त्या पत्रामुळे आमच्या कंपनीच्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून बरंच सुनावलं. काचेतून दिसत होतं. त्या बाहेर आल्या, डबा उघडला आणि सोलकढीचा अर्धा पेला माझ्यापुढे सरकवला.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त होऊन मालवणला बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मी दहा मिनिटं बोललो. साखरपुड्याच्या व्हिडिओवर सगळे पोट धरून हसले, मावशी तर डोळे पुसत होत्या. त्या पत्राबद्दल शेवटी बोलायचं असं मी ठरवून आलो होतो. तेवढ्यात कुणीतरी केक कापायला घेतला, आणि ते राहून गेलं.